गुरुजींचे बोट

नववीच्या वह्या तपासताना हातात लाल पेन असते आणि अर्धे मन स्वयंपाकघरात असते. त्या दिवशीही तसेच होते. 'मला प्रभावित करणारी व्यक्ती' या विषयावरचे निबंध होते. बहुतेकांनी डॉ. अब्दुल कलाम लिहिले होते, दोघींनी फातिमा शेख, एकाने आपले वालिद. मग एका मुलाची वही आली. त्याने हिटलर लिहिला होता. कारण एका वाक्यात दिले होते. त्याने यहुद्यांना संपवायला घेतले होते, ते काम पुरे झाले असते तर आज गाझातली मुले मेली नसती. मी 'हिटलरणे'चे 'हिटलरने' केले, दोन काने-मात्रे दुरुस्त केले, खाली सही केली आणि पुढची वही उघडली.

दोन-तीन वह्या पुढे गेल्यावर पेन थांबले. मी त्या मुलाचे शुद्धलेखन तपासले होते. त्याने काय लिहिले ते वाचूनही न वाचल्यासारखे केले होते.

२०२३ चा नोव्हेंबर होता. आमची शाळा रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरची, उर्दू माध्यमाची. मी तिथे मराठी आणि उर्दू शिकवते. हा मुलगा वाईट नाही. आजीला दवाखान्यात घेऊन जातो म्हणून कधी कधी पहिल्या तासाला उशीर करतो, आणि खोटे कारण सांगत नाही. पण रोज रात्री त्याच्या मोबाइलवर ढिगाऱ्यातून काढलेली मुले येतात. माझ्याही येतात. गाझाविषयी माझ्या मनात काय आहे ते मला या मासिकाच्या वाचकांपासून लपवायचे नाही. दुआ करताना आवाज फुटत नाही असे दिवस गेले आहेत. म्हणूनच त्या वाक्यावर माझे पेन अडखळले नसावे. कुठेतरी मलाही ते वाक्य फार परके वाटले नव्हते, आणि हे कळल्यावर मला झोप लागली नाही.

मुलाला सांगायचे काय? साठ लाख यहुदी मारले गेले, त्यात सुमारे पंधरा लाख मुले होती, हे सांगता येते. पण नववीच्या मुलाला साठ लाख म्हणजे गणितातला आकडा. फोटो दाखवावेत, तर या पोरांनी इतके मृतदेह पाहिले आहेत की अंगठ्याने वर सरकवायची सवय झाली आहे. पुण्याला माझी बी.एड.ची एक मैत्रीण आहे, इंग्रजी शिकवते, पाश्चात्त्य संगीत ऐकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "दाखवू नकोस. ऐकव." आणि तिने मला सत्तावीस मिनिटांची एक रचना पाठवली.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. आपल्या वाचकांपैकी काही जण संगीत ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईही ऐकत नाहीत. वाद्य जायज की नाजायज हा विषय आलिमांचा, मी त्यात पडत नाही. घरात मी ते कानात तार घालूनच ऐकले. एकदा तार निसटली तेव्हा सासूबाईंनी वाटाणे सोलता सोलता मान वर केली आणि विचारले, "अगं, ही गाडी कुठली चाललीय?"

त्यांनी अगदी बरोबर ओळखले होते. रचनेचे नाव 'डिफरंट ट्रेन्स', म्हणजे वेगळ्या आगगाड्या. रचनाकार स्टीव्ह राइश, अमेरिकन, यहुदी, जन्म १९३६ चा. तो एक वर्षाचा असताना आईवडील वेगळे झाले. वडील न्यूयॉर्कला, आई लॉस एंजेलिसला. मग १९३९ ते १९४२ या काळात हे लेकरू सांभाळणाऱ्या बाईबरोबर आगगाडीने या टोकाहून त्या टोकाला जात-येत राहिले. चार-चार दिवसांचा प्रवास. त्याला ती मौज वाटे. पुढे मोठेपणी त्याच्या मनात आले की त्याच वर्षांत मी युरोपात असतो, तर यहुदी म्हणून मलाही आगगाडीत बसवले असते, पण ती गाडी फार वेगळी असती.

एवढ्या एका विचारावर त्याने १९८८ मध्ये ही रचना केली. आपल्या त्या सांभाळणाऱ्या बाईला, आता सत्तरी ओलांडलेल्या, बोलते करून तिचा आवाज टेप केला. त्याच मार्गावर नोकरी केलेल्या एका निवृत्त पोर्टरचा आवाज टेप केला. मग मौखिक इतिहासाच्या संग्रहांतून त्या वंशसंहारातून वाचलेल्या तिघांचे आवाज शोधले. तिघेही साधारण त्याच्याच वयाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. शिवाय १९३० आणि ४० च्या दशकांतल्या आगगाड्यांचे, शिट्ट्यांचे आवाज. या सगळ्याबरोबर चार तंतुवाद्ये: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. क्रोनॉस क्वार्टेट नावाच्या अमेरिकन चमूने ती वाजवली.

आता यातली खुबी. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला चाल असते. आमच्या कोकणात तर ती जरा जास्तच असते. एसटीत मागच्या बाकावर कोणी बोलले तरी माणूस श्रीवर्धनचा की महाडचा ते कळते. राइशने त्या टेपमधले लहान लहान तुकडे निवडले, दोन शब्दांचे, चार शब्दांचे, आणि त्या बोलण्याची चढउतार जशी आहे तशी सुरांत लिहून काढली. बाई बोलणार असेल तर आधी व्हायोला तिची चाल वाजवतो, पुरुष बोलणार असेल तर चेलो. मग आवाज येतो, मग दोघे एकमेकांत मिसळतात. वाद्य माणसाच्या मागे चालते. तो दमला की तेही दमते. कोणी रडत नाही, कोणी ओरडत नाही. खाली सतत गाडीच्या चाकांची लय.

तीन भाग आहेत. युद्धापूर्वीची अमेरिका, युद्धातला युरोप, युद्धानंतर. पहिल्या भागातल्या अमेरिकन शिट्ट्या लांब, मोकळ्या. दुसऱ्या भागात युरोपातल्या शिट्ट्या येतात, आखूड, किंचाळल्यासारख्या, आणि त्यांच्यात हवाई हल्ल्याचे भोंगे. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच बंद केले. मुलांना ऐकवण्यासाठी शोधत होते, आणि स्वतःलाच ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. या भागात हंगेरीतून वाचलेला एक माणूस बोलतो. जर्मन देशात शिरले तेव्हा तो दुसरीत होता. त्याला वर्गातले गुरुजी आठवतात. उंच, केस चापून बसवलेले. गुरुजींनी वर्गाला सांगितले की फार वर्षांपूर्वी काळे कावळे आपल्या देशात घुसले. आणि बोट सरळ त्याच्याकडे केले.

पुढे जनावरांचे डबे येतात, त्यांत कोंबलेली माणसे येतात, आकाशात जाणाऱ्या ज्वाळा येतात. पण माझ्या मनातून ते बोट जाईना. मी शिक्षिका आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ही सगळी आगगाडी कुठून सुटली? स्टेशनवरून नाही. फळ्यासमोरून.

माझ्यावरही एकदा बोट रोखले गेले होते. हे मी कधी लिहिले नाही.

१९९२ साली आम्ही मुंबईच्या एका उपनगरात राहत होतो. अब्बा दम्मामला नोकरीला. मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत होते, वर्गात मुसलमान म्हणून आम्ही दोघीच. डिसेंबरात काही दिवस शाळा बंद राहिली आणि उघडली तेव्हा दुसरी मुलगी आलीच नव्हती. इतिहासाचा तास होता. गुरुजी आक्रमणांविषयी सांगत होते, बाहेरून कोण आले, कोणी काय पाडले. ते रागात नव्हते. नेहमीच्याच आवाजात बोलत होते. 'यांचे लोक' म्हणताना त्यांचे बोट सहज माझ्या बाकाकडे वळले आणि पुढच्या वाक्याला पुन्हा फळ्याकडे गेले. दोन सेकंद असतील. सगळ्या वर्गाने मागे वळून पाहिले.

त्या गुरुजींचे नाव मी सांगणार नाही, शाळेचेही नाही. त्यांनीच मला मराठी कविता वाचायला लावली. माझ्या निबंधाखाली त्यांनी लिहिलेला 'सुंदर' हा शेरा मी कित्येक वर्षे जपला. मी आज मराठी शिकवते यात त्यांचा वाटा आहे. ते बोट त्यांना आठवतही नसेल. जानेवारीत दुसऱ्यांदा दंगल झाली तेव्हा अम्मीने आम्हा भावंडांना घेऊन एसटीने गाव गाठले. त्यानंतर मी उर्दू शाळेत गेले. माझ्या पदवीच्या कागदावर दोन भाषा दिसतात, त्या अशा आल्या.

मी माझी तुलना त्या हंगेरीतल्या मुलाशी करत नाही. मला एसटी मिळाली. त्याला जी गाडी मिळाली ती मिळाली.

मैत्रिणीने मग आणखी दोन रचना पाठवल्या. दोन्हींविषयी थोडक्यात सांगते, कारण यादी करायला मी बसलेली नाही. अर्नोल्ड शोनबर्ग हा व्हिएन्नाचा यहुदी संगीतकार. त्याने तरुणपणी धर्म सोडला होता. १९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा त्याला बर्लिनमधून निघावे लागले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने पुन्हा आपला धर्म स्वीकारला. १९४७ मध्ये अमेरिकेत त्याने 'अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा' लिहिली. जेमतेम सात मिनिटांची. एक निवेदक सांगतो, की सैनिक कैद्यांना मारत आहेत, मोजायला लावत आहेत, अजून वेगाने, अजून वेगाने. वाद्ये मला फार कर्कश वाटली, खरे सांगते. मग मोजणी शिगेला पोचते आणि एकाएकी सगळे कैदी एका आवाजात 'शेमा' म्हणू लागतात. अल्लाह एक आहे, याची त्यांच्या धर्मातली ग्वाही. मरणाच्या वेळी आपल्याकडे कलिमा पढतात, तसे त्यांच्याकडे हे शब्द ओठावर यावेत अशी इच्छा धरतात. मला हिब्रू येत नाही. पण त्या जागी माझ्या अंगावर काटा आला आणि मी कर्कशपणाची तक्रार मागे घेतली. पहिल्यांदा ती १९४८ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की गावी वाजली, बरेचसे हौशी लोक गाणारे. संपल्यावर सभागृह गप्प बसले. संचालकाने पूर्ण रचना पुन्हा वाजवली, तेव्हा टाळ्या झाल्या.

दुसरी रशियाच्या शोस्ताकोविचची तेरावी सिंफनी, १९६२ ची. तो स्वतः यहुदी नव्हता. कीवजवळ बाबी यार नावाची घळ आहे. तिथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ यहुदी गोळ्या घालून मारले गेले. हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदवला आहे. युद्ध संपून वीस वर्षे झाली तरी तिथे साधे स्मारक नव्हते. येवतुशेंको या तरुण कवीने त्यावर कविता लिहिली, शोस्ताकोविचने ती सुरांत बसवली. सरकारला ते रुचले नाही. पहिल्या प्रयोगानंतर कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या. १९७६ मध्ये स्मारक उभे राहिले, त्यावर सोव्हिएत नागरिक असे लिहिले, यहुदी हा शब्द नाही. म्हणजे स्मारकाने जे लपवले ते गाण्याने आधीच सांगून टाकले होते.

पण वर्गासाठी मी आगगाडीच निवडली.

मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "बाई, आत्ता? या दिवसांत?" त्यांची भीती मला कळत होती. एखाद्या पालकाने विचारले की शाळेत यहुद्यांची बाजू शिकवतात का, तर ते काय उत्तर देणार? मी म्हटले, श्रवणकौशल्याचा उपक्रम आहे. हे पूर्ण खोटे नव्हते. मधल्या सुट्टीत, पडवीशेजारच्या खोलीत, ज्यांना यायचे ते. सहा जण आले. तो मुलगाही आला. मी त्याला मुद्दाम बोलावले नव्हते आणि निबंधाविषयी एक शब्दही काढला नव्हता.

फक्त दुसरा भाग लावला. साडेसात मिनिटे. आवाजांचे तुकडे इंग्रजीत, तेही टेपमध्ये घासलेले, म्हणून मी आधी उर्दूत अर्थ सांगून ठेवला. पहिले मिनिटभर पोरे हसली. साहजिक आहे. एकाने भोंग्याची नक्कल केली. मग ते गुरुजींचे वाक्य आले आणि मी माझे बोट उचलून समोरच्या बाकाकडे केले. तिथे कोण बसले आहे हे मी पाहिले नव्हते. एक मुलगी होती. ती मागे सरकली.

संपल्यावर कोणी बोलले नाही. मग तो मुलगा म्हणाला, "मॅडम, गाझाच्या मुलांसाठी असं कोण बनवणार?"

मी तयारी करून गेले होते, तरी या प्रश्नाची नव्हती. मी म्हटले, "बेटा, हे बनायला त्रेचाळीस वर्षं लागली. आणि हे बनलं कारण कुणीतरी त्या लोकांना बसवून बोलू दिलं आणि टेप जपून ठेवली." तो म्हणाला, "मग तोपर्यंत?" मी गप्प राहिले. घंटा झाली.

जाताना मी त्याला एवढेच सांगितले की घरी आजीला विचार, शनिवार तेली कोण होते. आमच्या भागातल्या वाचकांना हा शब्द माहीत असेल. बेने इस्राएल, आपल्या कोकणातले यहुदी. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांच्यात कथा आहे. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. आडनावे आपल्यासारखीच गावांवरून, शेवटी 'कर'. बोली मराठी. रेवदंड्याला, अलिबागला त्यांची प्रार्थनास्थळे आजही उभी आहेत. त्यांच्यावर इथे कोणी कधी बोट रोखले नाही, हे आपल्या मुलुखाविषयी सांगण्यासारखे आहे. युरोपातून पळालेल्यांनाही इथे थोडी जागा मिळाली. कार्ल्सबादचा वॉल्टर कॉफमन हा यहुदी संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर काम करू लागला. सकाळी रेडिओ लावला की बातम्यांआधी जी धून यायची ती त्याचीच मानतात. आमच्या घरात अम्मी फज्रनंतर चहा ठेवायची तेव्हा ती वाजायची. अम्मीला कधी कळले नाही की ती कोणाची.

चार दिवसांनी मुलगा सांगत आला. आजी म्हणाली, शेजारी होते ते लोक, त्यांच्या घरचे मटण आपल्याला चालायचे, कारण ते डुकराला शिवत नसत आणि जनावर नाव घेऊनच कापत. मग ते इस्राएलला गेले. जाताना पाटा-वरवंटा आजीच्या आईला देऊन गेले. तो अजून परसात आहे. हे सांगून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पण मॅडम, त्यांचे नातू आता तिथल्या फौजेत असतील."

"असतील," मी म्हटले. मी काय सांगणार होते? असतीलच.

निबंधाची वही त्याने परत मागितली नाही, मीही दिली नाही. ती माझ्या कपाटात आहे. त्याचे मत बदलले का, हे मला अजून सांगता येत नाही. वार्षिक परीक्षेत त्याने व्यक्तिचित्र लिहिले ते आजीवर. त्यात पाटा होता, यहुदी नव्हते.

त्या रचनेचा शेवट राहिला. तिसऱ्या भागात युद्ध संपते, माणसे अमेरिकेला येतात, पहिल्या भागातल्या लांब शिट्ट्या परत येतात. वाटते, सुटलो. मग अगदी शेवटी वाचलेल्यांपैकी एक बाई एका मुलीची आठवण सांगते. तिचा गळा गोड होता. जर्मन तिचे गाणे आवडीने ऐकत, टाळ्या वाजवत, आणखी म्हण म्हणत. इथे सूर हळूहळू विरतात. त्या मुलीचे पुढे काय झाले ते बाई सांगत नाही. मारणाऱ्यांनाही गाणे आवडत होते, ही गोष्ट या माणसाने आपल्या रचनेच्या शेवटी ठेवली, आणि त्यामुळे मला त्याच्यावर विश्वास बसला.

या सगळ्यात मला आठवल्या त्या अब्बांच्या कॅसेटी. ज्यांच्या घरचे कोणी सौदीत, कुवेतला होते त्यांना सांगायला नको. पत्र लिहायला वेळ नसे, फोन महाग. मग कॅसेट भरायची आणि जाणाऱ्याबरोबर पाठवायची. तिकडून अब्बांची यायची, इकडून आमची जायची. अब्बा मरहूम झाले तेव्हा त्यांच्या पेटीत आमच्या पाठवलेल्या अकरा कॅसेटी निघाल्या. त्या मी आणून ठेवल्या आणि वीस वर्षे लावल्या नाहीत. आता महाडच्या एका दुकानदाराने जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिला. दोन कॅसेटींची फीत चिकटली होती, त्या गेल्या. बाकीच्या चालल्या.

एकीवर अम्मीच्या अक्षरात लिहिले आहे, जानेवारी ९३. गावी आल्यानंतरची. आधी अम्मी सलाम सांगते, सगळे खैरियत आहे म्हणते, तिचा आवाज अगदी सपाट. मागे कोंबडा. मग ती म्हणते, आता बोल अब्बांशी. अब्बांना काळजी लागेल असे काही बोलायचे नाही, असे तिने मला आधी बजावले होते, ते मला चांगले आठवते. मग माझा आवाज येतो, तेरा वर्षांचा. मी म्हणते की आंबे अजून आलेले नाहीत, भावाला खोकला आहे, नवीन शाळेत जाणार आहे. मग एक गाळलेली जागा, फितीची सरसर, आणि मी म्हणते, "जुनी शाळा पण छान होती, अब्बा. गुरुजी छान होते."

'छान' म्हणताना आवाज वर चढतो आणि तिथेच तुटतो. मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकले. अब्बांनी ते किती वेळा ऐकले असेल कोण जाणे. उलट आलेल्या कॅसेटमध्ये ते हवापाण्याविषयी बोलतात, पगाराविषयी बोलतात, आणि मधेच विचारतात, "बेटा, शाळेत काय झालं होतं?"

मी त्याचे उत्तर कधी भरून पाठवले नाही.